हंगामी मोजणीदार कायम होतो

मोजणीदाराला पगार किती, हा प्रश्न मला आयुष्यात पुष्कळांनी विचारला आणि त्याचं धड उत्तर मला एकदाही देता आलं नाही. मी लपवतो असं लोकांना वाटायचं. लपवण्याइतकं मला कळलं असतं तर जरूर लपवलं असतं.

एकोणीसशे विशीची सालं नुकती लागली होती तेव्हा मी जमीनमोजणीच्या खात्यात शिरलो. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झालेला आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावचा मी पहिलाच. घरात सगळ्यांना वाटलं, आता हा खुर्चीवर बसणार. खात्याने माझ्या हातात लोखंडी साखळी दिली आणि चिखलात उभं केलं. तेव्हा आमच्या जिल्ह्यात पोटहिश्श्यांची मोजणी चालू होती. बापाच्या एका शेताचे भावाभावांत तुकडे पडलेले असत. तो प्रत्येक तुकडा मोजायचा, त्याचं टिपण, म्हणजे मापं घातलेला कच्चा नकाशा, काढायचं आणि पुढच्या तुकड्यात उतरायचं. दिवाळीनंतर काम सुरू व्हायचं, ते पाऊस पडेपर्यंत.

मोजणीदारांच्या दोन जाती होत्या, कायम आणि हंगामी. कायमवाल्याला महिन्याचा बांधलेला पगार. पावसाळाभर त्याने अलिबागेच्या कचेरीत बसून नकाशे काढायचे. दरसाल थोडी वाढ, पुढेमागे निमतानदार, म्हणजे दुसऱ्याने मोजलेलं पुन्हा मोजून चुका काढणारा, व्हायची आशा, आणि म्हातारपणी पेन्शन. हंगामीला मोजलेल्या हिश्श्यांप्रमाणे पैसे आणि मिरगाच्या तोंडावर घरचा रस्ता. दिवाळीनंतर नवा हुकूम यायचा आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. माझे झालेले हंगाम एकत्र धरता येतील का, असं मी एकदा कचेरीतल्या अव्वल कारकुनांना विचारलं.

"कसे धरणार? दोन हंगामांच्या मध्ये पावसाळा येतो ना तुमचा."

"पावसाळा तर कायमवाल्यांनाही येतो."

"त्यांचा नोकरीत येतो. तुमचा बाहेर येतो," ते म्हणाले, आणि हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की मला पुढे विचारायची लाज वाटली.

एवढ्यात माझं लग्न झालं. सासुरवाडी शेव्याची. सासऱ्यांचं खाडीकाठी मिठागर होतं, लहानसंच, आणि त्याला मुख्य हात होते ते माझ्या बायकोचे. मीठ पिकतं तेही दिवाळीनंतर, पाऊस पडेपर्यंत. ओल्या मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहून राशीवर टाकायच्या, हे तिचं लहानपणापासूनचं काम. लग्नाच्या बोलणीतच सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जावई, तुमी हंगामी हाव. तुमच्या हंगामात पोर माझी, पावसात तुमची. कायम झालाव का बाराही महिने घेऊन जावा. मी आडवा येनार न्हाय."

मला हे तेव्हा वावगं वाटलं नाही. वर्षभराने कळलं की मी कशात अडकलोय. पगार असला की बायको नाही आणि बायको असली की पगार नाही. पावसाळ्यात ती आमच्या घरी यायची, लावणीला माझ्या आईबरोबर शेतात उभी राहायची. मी रिकामा. आईपुढे तिच्याशी चार शब्द बोलायचे तरी चोरी. जरा ओळख व्हायला लागावी तर भात कापायला यायचं आणि मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, निरोप. आम्हांला पुढे मूल झालं नाही, त्यामुळे तिला अडवायला दुसरं कारणही नव्हतं. पेन्शन, वाढ, मानमरातब यांतलं मला काही नको होतं. मला कायम व्हायचं होतं ते बायको घरी आणायला. हे मी कोणाला बोललो नाही, कारण लोक हसले असते, आणि बरोबरच हसले असते.

माझ्या जोडीला मुरुडचा एक हंगामी होता. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी घरातला, पण याला होडीत पाय टाकला की मळमळायचं, म्हणून बापाने वैतागून जमिनीच्या कामाला लावलेला. त्याच्यासारखी सफाईदार टिपणं काढणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. त्यालाही कायम व्हायचं होतं. आम्ही दोघांनी ठरवलं होतं की जो आधी होईल त्याने दुसऱ्याला जेवण घालायचं.

एका हंगामात खात्यात एक जागा मोकळी झाल्याची बातमी आली. घाटावरून नवे निमतानदार आले होते. ते सगळ्या हंगामींचं काम तपासणार आणि त्यावरून नाव वर जाणार, असं बोललं जात होतं. मित्राकडे थळच्या बाजूची गावं होती. माझ्याकडे खारेपाटातलं एक गाव, माझ्या गावाच्या पलीकडचं. मी जीव ओतून काम केलं. साखळी रोज तपासून घ्यायचो. बांधाच्या मध्यावर काठी रोवायची हा नियम, तो मी एकाही ठिकाणी मोडला नाही.

निमतानदार साहेब आले ते वैशाखात. त्यांनी मनाला येईल ती शेतं निवडली आणि आपल्या साखळीने मोजली. पहिल्याच शेतात फरक निघाला. दुसऱ्यात निघाला. तिसरं शेत अरुंद होतं, दोन्ही अंगांना बांध, तिथे तर असा फरक निघाला की साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग साखळीकडे पाहिलं, आणि पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तोच फरक.

मग बांधावर टाकलेला ओला चिखल दिसला आणि मला एकदम उमजलं. खारेपाटात रीत अशी की दोन शेजाऱ्यांमधला बांध दरसाल पावसाआधी चिखल लावून भरायचा आणि त्याची पाळी आळीपाळीने घ्यायची. यंदा मी माझ्या शेतात उभा राहून माझ्या अंगाने चिखल लावणार, पुढल्या साली तू तुझ्या. पावसात दुसरं अंग झिजतं. त्यामुळे ज्याची पाळी असेल त्याच्या बाजूला बांध सरकतो आणि पुढच्या साली परत जातो. झोपेत कूस बदलावी तसं. मी मोजलं ते दिवाळीनंतर, गेल्या सालच्या पाळीवर. साहेब मोजत होते ते यंदाच्या पाळीवर. ही रीत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते आणि म्हणूनच ती टिपणात लिहावी असं मला सुचलं नव्हतं. पाणी ओलं असतं असं कोण लिहून ठेवतं?

मी साहेबांना हे सांगायला गेलो.

"हा बांध दिवाळीत कुठे होता?" त्यांनी विचारलं.

"जरा तिकडे, साहेब."

"आता?"

"जरा इकडे."

"आणि पुढच्या वर्षी?"

"परत तिकडे."

साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. माणूस रागीट नव्हता. त्यांच्या मुलखात बांध दगडांचे, एकदा घातले की नातवंडांपर्यंत तिथेच. त्यांनी दोन्ही शेतमालकांना बोलावलं आणि तुमची हद्द कोणती ते विचारलं. दोघांनी एकदम बांधाकडे बोट केलं. "पण हा तर हलतो," साहेब म्हणाले. "हलतो ना," त्यातला एक म्हणाला, "पन हद्द तीच हाय." दुसऱ्याने मान डोलावली. त्या दोघांत कधी भांडण झालेलं नव्हतं आणि साहेब कशाने घाबरे झालेत ते त्यांना समजत नव्हतं. ज्या चिखलात मी वाढलो त्यात जमीन नक्की कुठे संपते हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

साहेबांनी माझ्या कामावर फरकाचा शेरा मारला. मग ते थळकडे गेले आणि मित्राची सगळी टिपणं तपासून त्याच्या पाठीवर थाप मारली. तिकडे चिखलाचे बांध नव्हते, एका केसाचाही फरक निघाला नाही. मी मनाशी म्हटलं, आता बायको विसर. मित्राचं चांगलं झालं याचा आनंद मला होत नव्हता आणि होत नव्हता याचंच वाईट वाटत होतं.

पाऊस सुरू झाल्यावर आम्हां दोघांना अलिबागेला बोलावणं आलं. अव्वल कारकून पान लावत होते. मान वर न करता ते मला म्हणाले, "या. तुम्ही कायम झालात."

मी मागे वळून पाहिलं. मित्र माझ्या मागेच उभा होता. "हा झाला ना?" मी विचारलं.

"छे. त्यांचं काम निर्दोष आहे. त्यामुळे ते संपलं. तुमचं गाव फेरमोजणीला लागलं. फेरमोजणी हंगामीकडे द्यायची नाही असा नियम आहे. कायमवाले सगळे पेण-पनवेलकडे गुंतलेत. जागा एक आहे, माणूस गावाचा माहितगार हवा. मग तुम्हांला कायम केल्याशिवाय गत्यंतर काय?"

"पण ते गाव चुकवलं मीच ना?"

"ते निराळ्या फाइलीत आहे," कारकून म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

ठरल्याप्रमाणे मित्राला जेवण घालायची पाळी माझी होती. आम्ही खाणावळीत गेलो नाही. भजी घेऊन किनाऱ्यावर बसलो, समोर भरतीत उभा असलेला किल्ला बघत. तो म्हणाला, "तुझं मला वाईट वाटत नाही, भाई. नसीब आपापलं. फक्त मी कुठे चुकलो ते कोणीतरी सांगावं. म्हणजे पुढच्या खेपेला मी पण तिथे चुकेन." तो विनोद करत नव्हता. पुढच्या हंगामाला त्याच्या नावाचा हुकूम निघालाच नाही. तो मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी लागला असं कळलं. ज्याला खाडी ओलांडताना ओकारी यायची तो माणूस आफ्रिकेपर्यंत गेला. त्याचं नाव काढलं की अजूनही माझा जीव कसनुसा होतो, आणि नेमकं कोणावर चिडायचं ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

ते गाव मी पुन्हा मोजलं. या वेळी पाळीची रीत लिहून वर पाठवली. आकडे तिसरेच आले. त्यावर मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

पण त्याआधी, हुकूम हातात पडल्यावर चार दिवसांतच, मी रेवसहून होडीने करंजाला आणि तिथून शेव्याला गेलो; मिठाच्या राशी झाकायच्या राहिल्या म्हणून बायको त्या साली अजून तिथेच होती. मामा ओटीवर जाळं विणत बसले होते. मी हुकूम वाचून दाखवला.

"महिन्याला किती म्हनालाव?"

मी पुन्हा सांगितलं.

"आनि गेल्या हंगामात हिश्श्यांचे काढलाव ते?"

तेही सांगितलं. मामांनी बोटांवर हिशेब केला, मग पुन्हा केला. "म्हंजे कमी झाला."

"पण बाराही महिने आहे, मामा."

"ऱ्हानार कुठं?"

"अलिबागेत. इस्रायल आळीत खोली पाहिली आहे."

"पाऊसभर. आनि हंगामात?"

"हंगामात गावोगाव. देवळात, चावडीवर. शिपाई असतो रांधायला."

"आनि पोर?"

इतकी वर्षं कायम, कायम म्हणून जप केला आणि कायमवाले तरी हंगामात कुठे घरी असतात हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मामा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "सगला जिल्हा मोजलाव," ते म्हणाले, "पन ह्या मोजला न्हाय." आतून बायको बोचकं घेऊन बाहेर आली. "दिवालीचा दिवालीला बघू," ती म्हणाली. "भरती उतरायच्या आधी चला."

तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. खोलीची कौलं गळायची, तरी सुखाचा. संध्याकाळी कचेरीतून घरी यावं, पगारी माणसासारखं, तर चुलीवर बोंबलाचं कालवण शिजत असायचं. ती मला विचारायची, आज काय केलंत, आणि मी सांगायचो, नकाशा काढला. "कुठला?" मी गावाचं नाव सांगितलं की तिथे कोण पाहुणा राहतो ते ती सांगायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला माझी बायको कळायला लागली होती.

दिवाळी झाली आणि मी साखळी घेऊन निघालो. ती खोलीत राहिली. महिन्याभराने रजा घेऊन आलो तर दाराला कुलूप. चावी शेजारणीकडे. "शेव्याला गेली," शेजारीण म्हणाली. मी तसाच निघालो, मनातल्या मनात मामांशी भांडत.

ती मिठागरात होती, डोक्यावर पाटी. रास टाकून आली आणि पदराने तोंड पुसलं.

"मामांनी बोलावलं?" मी विचारलं.

"न्हाय. मीच आली. तिथं काय भिंतींशी बोलू?"

"पण मी कायम झालो ते कशासाठी?"

"व्हय ना," ती म्हणाली. "तवाच तर बाबाला सांगितला, का आता मी नवऱ्याची, तुमच्या घरची न्हाय. दुसऱ्या बायांना देताव तशी मला पन मजुरी द्या."

मामा बांधावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला शिकवून पाठवलंय. "माझी पोर माझ्याकडं पगार मागते," ते म्हणाले. "ह्या तुमच्या कायमचा गुन." मी आलो होतो भांडायला आणि आता मामांची समजूत घालत होतो. तिचा राग करावा की कौतुक, हे मला ठरवता येईना. मजुरी मात्र मामांनी दिली.

मग वर्षानुवर्षं तसंच चाललं. मी खेड्यांत, ती मिठागरात, पावसाळ्यात दोघं अलिबागेत. मंदीची सालं आली तेव्हा सरकारने पगारात कपात केली. कायम असल्यामुळे मला ती लागू झाली. हंगामींना झाली नाही, कारण त्यांना घरीच बसवलं. त्या सालांत वाढ मिळायची ती कपातीत जायची, आणि मी पुढे सरकतोय की मागे हे मला कोणी विचारलं तर मी विषय बदलायचो. माझ्याबरोबरचा एक निमतानदार झाला, मी झालो नाही. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. बायकोची बढती मात्र सरळ झाली. मामा थकले, तिला सगळ्या बायांची मुकादम केली. कोणाला कधी घ्यायचं, कोणाला कुठल्या राशीवर लावायचं, ती ठरवायची. ती पुढे चालायची आणि दहाबारा पाट्या तिच्या मागून यायच्या. पाऊस पडला की तीच बाई माझ्या खोलीत येऊन भांडी घासायची, आणि मला जरा अवघडल्यासारखं व्हायचं.

एकोणीसशे तिशीची सालं सरत आली तेव्हा मला नकाशांच्या खोलीत बसवलं. बाराही महिने अलिबागेत, फिरती बंद. माझे गुडघे चिखलाने गेले होते म्हणून असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या फाइलीतून असेल. बढती होती की अडगळीत टाकणं होतं, मी विचारलं नाही. ज्यासाठी सगळं केलं ते मिळालं होतं. मी तरातरा घरी गेलो आणि तिला सांगितलं. "बरा झाला," ती म्हणाली आणि मासळी साफ करत राहिली.

दिवाळी झाली. एका सकाळी पाहिलं तर माझी पत्र्याची पेटी पुसून दाराशी ठेवलेली.

"कवा निघताव?" तिने विचारलं.

"मी निघायचा नाही. सांगितलं होतं ना, आता घरीच."

तिने ते पावसात ऐकलं होतं, पण खरं धरलं नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. मला वाटलं, आनंदाने बसली. मग तिचा चेहरा पाहिला.

"मग मी कशी निघू?" ती म्हणाली. "नवरा घरात आनि बाय मिठात, लोक काय बोलतील? बाया थांबल्यात माझ्या. रोज बघत असतील वाटेकडं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नको जाऊ म्हटलं असतं तर ती राहिली असती, एक शब्द न बोलता राहिली असती. मला ते म्हणायचं होतं. इतकी वर्षं तेवढंच म्हणायचं होतं. मी पेटी उचलली, माझे कपडे काढून खाटेवर ठेवले आणि तिला म्हटलं, तुझे भर.

रेवसच्या धक्क्यापर्यंत मी पेटी पोचवली. होडी सुटताना ती म्हणाली, "पाऊस पडला का येते," आणि पदर खोचून पुढच्या बाजूला जाऊन बसली. मागे वळून पाहिलं नाही, तिला पलीकडची घाई होती. मी खोलीवर आलो, चूल पेटवली, तांदूळ काढले. बारा महिने तिच्याबरोबर राहता यावं म्हणून कायम झालो होतो आणि एकट्यापुरता भात किती टाकायचा ते मला कळेना.